लोकार्पणाचे वाचन : टोरांटोच्या नगरभवनाचा उद्घाटन सोहळा, १९६५

'उद्घाटन' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ उघडणे एवढाच आहे. दार उघडावे, झाकण काढावे, तसे. मराठी सार्वजनिक व्यवहारात मात्र या शब्दाला फीत, कात्री, समई, कोनशिलेवरचा पडदा आणि लांबलेली भाषणे असा सारा संसार येऊन चिकटला. पुढे त्याच्या जोडीला 'लोकार्पण' हा आणखी भारदस्त शब्द आला. या दुसऱ्या शब्दातील गृहीत तपासण्यासारखे आहे. अर्पण करणारा कोणी एक आणि स्वीकारणारा लोकसमूह, असे दोन पक्ष त्यात मानलेले असतात. परंतु जी इमारत नागरिकांच्याच करांतून उभी राहिली, ती नागरिकांना अर्पण कोण करणार? आणि ज्या 'लोकां'ना ती अर्पण होते त्यांत कोण मोजले जातात व कोण राहून जातात?

हे प्रश्न समोर ठेवून प्रस्तुत लेखात एका सोहळ्याची समीक्षा करावयाची आहे. कॅनडातील टोरांटो शहराच्या नव्या नगरभवनाचे उद्घाटन १३ सप्टेंबर १९६५ रोजी झाले. असा समारंभ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. वास्तुसमीक्षक पाहुणे निघून गेल्यावर इमारत पाहावयास येतो. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला व्यासपीठावर कोण कोणाच्या शेजारी बसले एवढ्यात रस असतो. लोकसंस्कृतीचे अभ्यासक जत्रा, उरूस, गणेशोत्सव यांकडे वळतात, सरकारी समारंभाकडे सहसा फिरकत नाहीत. परिणामी नगरभवनाचे उद्घाटन तिन्ही विद्याशाखांच्या मधल्या जागेत पडून राहते. वास्तविक सोहळा हीदेखील एक संहिता असते. तिला मंच असतो, पात्रे असतात, क्रम असतो, श्रोते असतात आणि गाळलेल्या जागाही असतात. टोरांटोच्या सोहळ्याला आता साठ वर्षे उलटून गेली आहेत. त्या दिवशी जे गृहीत धरले गेले त्याचे पुढे काय झाले, हे पारखता यावे इतका काळ मध्ये गेला आहे, हेच या निवडीचे कारण.

पूर्वपीठिका

टोरांटोचे आधीचे नगरभवन १८ सप्टेंबर १८९९ रोजी सुरू झाले. त्याचे वास्तुकार ई. जे. लेनॉक्स. उंच घड्याळ-मनोऱ्याची ही दगडी वास्तू पाहताना आपल्याकडील वाचकांना एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रचलेली, १८९३ मध्ये पूर्ण झालेली मुंबई महापालिकेची इमारत आठवावी. दोहोंच्या शैली भिन्न आहेत. परंतु मनोरा, कोरीवकाम आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला मान वर करावयास लावणारा दरारा यांत विलक्षण सारखेपणा आहे. लेनॉक्स यांचे नगरपरिषदेशी बिनसले होते. इमारतीवर आपल्या नावाचा फलक लावण्यास परिषदेने नकार दिला, तेव्हा त्यांनी वळचणीखालच्या दगडी आधारांवर एकेक अक्षर कोरवून आपले नाव व व्यवसाय इमारतीभोवती फिरवला. प्रवेशद्वाराजवळील विद्रूप दगडी चेहरे ही तत्कालीन नगरसेवकांची व्यंगचित्रे आहेत असे मानले जाते. आपल्याकडील कोनशिला ज्यांनी लक्षपूर्वक वाचल्या आहेत, मान्यवरांच्या पदांची उतरंड संपता संपता शेवटच्या बारीक ओळीत वास्तुकार सापडतो की नाही हे ज्यांनी शोधले आहे, त्यांना लेनॉक्स यांच्या या खोडसाळपणाविषयी सहानुभूती वाटल्याशिवाय राहणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही इमारत अपुरी पडू लागली. १९४७ मध्ये मतदारांनी नव्या नगरभवनासाठी जमीन घेण्यास संमती दिली. १९५५ मध्ये तीन स्थानिक वास्तुसंस्थांनी मिळून केलेला आराखडा पुढे आला. तो इतका निस्तेज ठरला की वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनीही त्यावर टीका केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरचा हा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. नगरभवनाचा आराखडा मतपेटीत पराभूत होणे ही घटना आपल्याकडील वाचकाला अपरिचित वाटेल. लोकांना आधी 'नको' म्हणता आले, हे सोहळ्याची समीक्षा करताना विसरून चालणार नाही. त्यानंतर पुन्हा मतदान होऊन संमती मिळाली.

या काळात महापौरपदी होते नेथन फिलिप्स. टोरांटो तेव्हा प्रॉटेस्टंट, ब्रिटिशनिष्ठ शहर म्हणून ओळखले जाई. ऑरेंज ऑर्डर या संघटनेचा नगराच्या राजकारणावर दीर्घकाळ पगडा होता. त्या संघटनेचे पुढारी असलेल्या लेस्ली सॉन्डर्स यांचा १९५४च्या निवडणुकीत पराभव करून फिलिप्स शहराचे पहिले ज्यू महापौर झाले. नव्या नगरभवनासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घ्यावी यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. १९५८ मध्ये झालेल्या या स्पर्धेत ४२ देशांतून पाचशेहून अधिक आराखडे आले. प्राध्यापक एरिक आर्थर हे स्पर्धेचे सल्लागार होते. परीक्षकांत ईरो सारिनेन, एर्नेस्तो रॉजर्स, विल्यम हॉलफर्ड यांसारखी मंडळी होती. सारिनेन उशिरा पोहोचले आणि नाकारलेल्या आराखड्यांच्या ढिगातून त्यांनी फिनलंडचे विल्यो रेवेल यांचा आराखडा उचलून काढला, अशी कथा सांगितली जाते. सिडनीच्या ऑपेरागृहाबाबतही याच सारिनेन यांची हीच कथा सांगतात. दोन्ही ठिकाणी ते परीक्षक होते हे खरे. तरीही एकच चमत्कार दोनदा घडलेला पाहून अभ्यासकाने किंचित सावध व्हावे.

रेवेल यांच्या आराखड्यात २७ आणि २० मजल्यांचे दोन वक्र मनोरे आहेत. दोन ओंजळी समोरासमोर धराव्यात तसे ते उभे आहेत, आणि त्यांच्या मध्ये नगरपरिषदेचे सभागृह बशीसारखे ठेवलेले आहे. कारभाराची दालने दोन्ही बाजूंस आणि निर्वाचित सभा मधोमध, असा हा अर्थपूर्ण विन्यास आहे. पुढे दक्षिणेकडे मोठा मोकळा चौक. उन्हाळ्यात तेथे पाण्याचा तलाव आणि हिवाळ्यात बर्फावर घसरण्याचे मैदान. मनोऱ्यांच्या आतल्या बाजूस काच आहे. बाहेरच्या बाजूस, म्हणजे पाठीला, खिडकी नसलेल्या काँक्रीटच्या भिंती आहेत. या पाठीविषयी पुढे बोलावयाचे आहे.

सोहळ्याचा दिवस

१३ सप्टेंबर १९६५ हा सोमवार होता. गव्हर्नर जनरल जॉर्ज व्हानिए यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पंतप्रधान लेस्टर पिअर्सन, ऑन्टॅरिओ प्रांताचे मुख्यमंत्री जॉन रोबार्ट्स आणि महापौर फिलिप गिव्हन्स उपस्थित होते. चौकात हजारो नागरिक जमले. देशाचा मेपलच्या पानाचा नवा ध्वज त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे जेमतेम सात महिन्यांपूर्वी स्वीकारला गेला होता. ब्रिटिश चिन्हे मागे सारणारा नवा ध्वज आणि एका फिन वास्तुकाराने रचलेले, जुन्या दगडी मनोऱ्याशी काहीही नाते न सांगणारे नवे नगरभवन, असा हा योग होता. व्हानिए हे स्वतः फ्रेंचभाषक कॅथलिक. त्यांनी जुन्या ऑरेंज शहराचे नवे दार उघडावे आणि त्यांच्या शेजारी शहराचा आणखी एक ज्यू महापौर उभा असावा, हे दृश्य पंधरा वर्षांपूर्वी कोणाला सुचले नसते. सोहळ्याच्या संहितेतील सर्वांत खरा भाग हाच, असे माझे मत आहे. भाषणांतून जे सांगता आले नसते ते पात्रांच्या निवडीतून सांगितले गेले.

अर्थात हे सारे निर्हेतुक होते असे मानण्याचा भोळेपणा करू नये. पिअर्सन यांनी सहाच दिवस आधी, ७ सप्टेंबरला, देशात सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली होती आणि ८ नोव्हेंबरला मतदान व्हायचे होते. आचारसंहितेची सवय असलेला आपला वाचक येथे भुवई उंचावेल. गिव्हन्स यांच्या दृष्टीनेही हा मोठा दिवस होता. पण मंचावरच्या उपस्थितांपेक्षा मंचावर जे नव्हते त्यांचा हिशेब अधिक उद्बोधक आहे. स्पर्धेचे स्वप्न ज्यांचे, ते फिलिप्स १९६२ची निवडणूक हरले होते. चौकाला त्यांचे नाव दिले गेले, परंतु यजमानपद त्यांच्याकडे नव्हते. त्यांना हरवणारे डोनाल्ड समरव्हिल १९६३च्या नोव्हेंबरात मदतनिधीसाठीच्या हॉकी सामन्यात हृदयविकाराने गेले, म्हणून गिव्हन्स महापौर झाले. सारिनेन १९६१ मध्ये, बांधकाम सुरू होण्याच्या दोन महिने आधी निवर्तले. आणि खुद्द रेवेल ८ नोव्हेंबर १९६४ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, उद्घाटनाला दहा महिने असताना वारले. लेनॉक्स यांनी हट्टाने दगडावर नाव कोरवले. रेवेल यांना तो हट्ट धरण्याइतकाही अवधी मिळाला नाही. ज्या हातांनी इमारत घडते आणि ज्या हातांनी ती उघडते ते हात क्वचितच एक असतात, आणि उद्घाटनाचा विधी ही फट झाकण्याच्या कामी येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हा चौक उद्घाटनापूर्वीच उघडला गेला होता. बर्फाचे मैदान १९६४च्या हिवाळ्याच्या तोंडावरच खुले झाले होते. म्हणजे राज्यपालपदाचा सारा इतमाम येऊन पोहोचण्याआधी एक अख्खा हिवाळा शहरातील मुले तेथे घसरून पडली होती, उठली होती. सोमवारच्या औपचारिक कार्यक्रमानंतरचे दिवसही चौकातील संगीत, नृत्य यांसारख्या कार्यक्रमांनी भरले होते. यास्तव 'अर्पण' हा शब्द येथे नीट बसत नाही. लोकांनी वापरावयास घेतलेल्या वस्तूला मान्यवरांनी मागाहून दुजोरा दिला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. टोरांटोच्या सोहळ्याचे यश त्याच्या नेपथ्यापेक्षा या उलट्या क्रमात आहे. आपल्याकडे काम पूर्ण झालेले पूल आणि इमारती 'हस्ते' मिळेपर्यंत दोरी बांधून बंद ठेवल्या जातात, त्या अनुभवाशी हा क्रम ताडून पाहावा. नवी ग्रंथालय-इमारत मान्यवरांच्या तारखेसाठी एक सत्रभर कुलूपबंद राहिलेली पाहिलेले अध्यापक या वाचकवर्गातही असतील.

चौकाची पाठ

येथवरचे वाचन सोहळ्याला अनुकूल आहे. आता गाळलेल्या जागेकडे वळू.

नगरभवन आणि चौक ज्या भूमीवर आहेत ती मोकळी नव्हती. तेथे शीज हिप्पोड्रोम हे १९१४चे भव्य नाट्यगृह होते. ते १९५७ मध्ये पाडले गेले. त्यातील वुर्लिट्झर ऑर्गन मात्र जपला गेला आणि पुढे कासा लोमा या वाड्यात जाऊन विसावला. वाद्याला पर्यायी घर मिळाले. माणसांची कथा इतकी सरळ नाही. एलिझाबेथ स्ट्रीटच्या दोन्ही अंगांना शहरातील पहिला चायनाटाउन वसला होता. 'द वॉर्ड' नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दाट वस्तीत चिनी लोकांच्या आधी व त्यांच्यासोबत ज्यू, इटालियन आणि कृष्णवर्णीय कुटुंबांनी दिवस काढले होते. नव्या देशात पाऊल ठेवणाऱ्याला परवडेल अशी ती जागा होती. कॅनडाच्या १९२३च्या कायद्याने चिनी स्थलांतर जवळजवळ पूर्णपणे बंद केले होते. परिणामी या वस्तीत बायकामुलांपासून तुटलेले पुरुष वर्षानुवर्षे राहत, उपाहारगृहे आणि धोबीखाने चालवत. हा कायदा रद्द झाला १९४७ मध्ये. नगरभवनासाठी जमीन घेण्याचा कौल मिळाला तोही १९४७ मध्येच! ज्या वर्षी कुटुंबे एकत्र येण्याची वाट उघडली, त्याच वर्षी ती जेथे एकत्र यायची त्या घरांवर संपादनाची रेघ पडली. पन्नासच्या दशकात चायनाटाउनचा मोठा भाग, साधारण दोनतृतीयांश, पाडला गेला.

आता मनोऱ्यांच्या पाठीकडे पाहू. चौक दक्षिणेकडे, क्वीन स्ट्रीटकडे उघडतो. काच, दिवे, तलाव, भाषणांचा मंच, सारे त्या बाजूला. उरलेला चायनाटाउन उत्तरेला होता. त्याच्याकडे इमारतीने खिडकी नसलेली काँक्रीटची भिंत केली. रेवेल यांच्या मनात असा हेतू होता असा आरोप मुळीच करावयाचा नाही. वक्र मनोऱ्याला रचनेच्या दृष्टीने भक्कम पाठ हवी होती, आणि दुरून, विशेषतः आकाशातून, या इमारतीची प्रतिमा अप्रतिम आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. वास्तुकलेचे मूल्यमापन हेतूवरून होत नसते, एवढेच येथे नोंदवावेसे वाटते. १३ सप्टेंबरचा जनसमुदाय ज्या फरशीवर उभा होता त्या फरशीखाली काही वर्षांपूर्वी घरे होती, आणि उरलेल्या घरांतून सोहळ्याकडे पाहणाऱ्याला इमारतीची पाठ दिसत होती.

येथे एक आक्षेप संभवतो. लोकसंख्या वाढणाऱ्या शहराला नगरभवन हवेच होते, मतदारांची संमती घेतली होती, आणि जुन्या वस्तीतील अनेक घरे राहण्यास अयोग्य होती. तेव्हा विस्थापन ही प्रगतीची अटळ किंमत होती. हा युक्तिवाद पूर्णतः खोटा नाही. परंतु किंमत कोणी मोजली आणि वस्तू कोणाला मिळाली हे दोन प्रश्न त्यात एकत्र गुंडाळले जातात. शिवाय बहुमताने घेतलेली संमती ज्यांचे घर जाणार त्यांच्याकडून घेतलेली संमती नव्हे. फिलिप्स, गिव्हन्स यांच्या रूपाने कालचे उपरे यजमान झाले होते, याचे मोल मी वर मान्य केले आहे. नेमके म्हणूनच बोचते ते हे की ज्या वॉर्डात ज्यू स्थलांतरितांची एक पिढी वाढली, त्याच वॉर्डातील त्यांच्या मागाहून आलेल्या शेजाऱ्यांना त्या मंचावर जागा नव्हती.

सोहळ्यानंतर

उद्घाटनाच्या दिवशी जे मिटल्यासारखे वाटले ते वर्षभरातच उसवले. रेवेल यांच्या इच्छेनुसार चौकात हेन्री मूर यांचे शिल्प बसवायचे होते. परिषदेने सार्वजनिक पैसा देण्यास नकार दिला. गिव्हन्स यांनी खासगी वर्गणी गोळा केली. 'द आर्चर' या नावाने ओळखले जाणारे ते शिल्प १९६६च्या ऑक्टोबरात चौकात उभे राहिले, आणि डिसेंबरात गिव्हन्स निवडणूक हरले. पराभवाला शिल्पच कारण झाले असे सरधोपटपणे म्हणता येणार नाही, पण वाद झाला हे खरे. सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरची इमारत निमूटपणे स्वीकारणारे शहर एका काशाच्या आकृतीवरून भांडले. मला हे सुलक्षण वाटते. याच सुमारास जुने नगरभवन विकून तेथे व्यापारी संकुल उभारण्याची आणि लेनॉक्स यांच्या वास्तूचा केवळ मनोरा ठेवण्याची योजना पुढे आली. नागरिकांनी संघटित होऊन विरोध केला, १९६७ मध्ये ती बारगळली, आणि लेनॉक्स यांची अक्षरे वळचणीखाली राहिली.

मात्र या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना १९६९ची आहे. उरल्यासुरल्या चायनाटाउनवर पुन्हा पाडकामाचे सावट आले तेव्हा 'सेव्ह चायनाटाउन कमिटी' स्थापन झाली. जीन लम ही उपाहारगृह चालवणारी स्त्री तिच्या अग्रभागी होती. पुढे १९७६ मध्ये 'ऑर्डर ऑफ कॅनडा' मिळवणारी ती पहिली चिनी-कॅनेडियन स्त्री ठरली. समितीने नगरपरिषदेसमोर आपले म्हणणे मांडले आणि पाडकाम रोखले. म्हणजे ज्या बशीसारख्या सभागृहाकडे एलिझाबेथ स्ट्रीटवरून केवळ काँक्रीटची पाठ दिसत होती, त्याच सभागृहात तेथले रहिवासी नागरिक म्हणून येऊन बोलले. फीत कापून उघडलेले आणि असे उघडलेले, या दोहोंत समीक्षकाने फरक केला पाहिजे. इमारतीच्या बाजूने इतके म्हणता येईल की तिने निर्वाचित सभा मधोमध ठेवली होती, तिची वाट सापडण्याजोगी होती. विजय अर्थात अपुरा होता. चायनाटाउनचे केंद्र तोवर पश्चिमेला स्पॅडायना मार्गाकडे सरकू लागले होते आणि सरकतच गेले.

चौकाचा वापर मात्र वाढत राहिला. मोर्चे, निषेध, शोकसभा, हिवाळ्यातले खेळ. ऑगस्ट २०११ मध्ये शहराचे माजी नगरसेवक व देशातील विरोधी पक्षनेते जॅक लेटन यांचे निधन झाले, तेव्हा लोकांनी खडू घेऊन चौकातील काँक्रीटच्या भिंती आणि फरशी निरोपाच्या ओळींनी भरून टाकली. ती अक्षरे पावसाने धुतली गेली, लोकांनी ती पुन्हा लिहिली. नगरभवनाच्या भिंतीवर कोणाचे नाव असावे याविषयी लेनॉक्स यांच्यापासून चालत आलेल्या वादात ही एक वेगळीच भर पडली.

२०१५ मध्ये नगरभवनाच्या पाठीमागे नव्या न्यायालयासाठी जमीन खणली गेली, तेव्हा वॉर्डातील घरांचे पाये, कृष्णवर्णीय मंडळींच्या ब्रिटिश मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे अवशेष आणि भांडी, खेळणी, चपला, बाटल्या अशा असंख्य वस्तू वर आल्या. १९६५च्या सोहळ्यात ज्यांचा उल्लेख नव्हता त्यांच्या या वस्तू आता क्रमांक घालून जपल्या गेल्या आहेत. चौकाखालची जमीन मात्र त्या रीतीने कोणी खणली नाही. तेथे आज भूमिगत वाहनतळ आहे.